फ्लॅटबेडचं सामान कुठं आणि कशात ठेवायचं

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, माल बांधायच्या सामानाची पेटी ॲल्युमिनियमची घेऊ की स्टीलची, असं तू विचारलंस. पेटीकडे येण्याआधी एक सांग, ट्रेलर तुझा स्वतःचा आहे का? अमेरिकेत ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आपला आणि ट्रेलर कंपनीचा, हा प्रकार नेहमीचा. आज एक ट्रेलर यार्डात सोडायचा, उद्या दुसरा जोडायचा. तुझं काम तसं असेल तर ट्रेलरखाली पेटी लावण्यात पैसे घालू नकोस. सगळं सामान ट्रॅक्टरवरच बसायला हवं, म्हणजे कॅबमागे हेडेक रॅक (सामान टांगायची उभी चौकट) आणि फ्रेमच्या बाजूला पेट्या. ट्रेलर स्वतःचा असेल तरच त्याच्या पोटाखालच्या पेट्या परवडतात.

एवढं ठरलं की कागद घेऊन वजन मांड. माल बांधायची ३/८ इंची, ग्रेड ७० ची (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा) २० फुटी साखळी हुकांसकट साधारण ३० पौंड भरते. दहा साखळ्या म्हणजे ३०० पौंड. दहा बाइंडर (साखळी ताणून आवळायचे दांडे) आणखी सव्वाशेच्या आसपास, चार इंची स्ट्रॅप (माल बांधायचे पट्टे) डझनभर धरले तर ऐंशीच्या घरात. आठ फूट ड्रॉपची, म्हणजे बाजूंनी आठ फूट खाली येणारी, लंबर टार्प (लाकूडमाल झाकायची ताडपत्री) एकेक शंभर पौंडांच्या आगेमागे, आणि त्या किमान दोन लागतात. स्टील टार्प (पोलादी माल झाकायची), कॉइल रॅक (पत्र्याची गुंडाळी बसवायचा आधार), एज प्रोटेक्टर (मालाच्या कडेवर स्ट्रॅपखाली घालायचे), लाकडी ठोकळे धरले की हजार पौंड सहज ओलांडतात. एकूण ८०,००० पौंडांच्या हद्दीत हे वजन तुझ्या मालातूनच वजा होतं. त्यात रॅकवर टांगलेलं बहुतेक वजन ड्राइव्ह ॲक्सलवर (ट्रॅक्टरच्या मागच्या, गाडी ओढणाऱ्या जोड-ॲक्सलवर) उतरतं, तिथली मर्यादा ३४,०००. म्हणून सगळं भरून, माल न घेता एकदा काट्यावर चढव आणि ती पावती जपून ठेव.

आता हेडेक रॅक. कॅटलॉगमध्ये तो किती खोल आहे एवढंच लिहिलेलं असतं. तुझ्या ट्रकवर बसेल की नाही हे तुलाच मोजायचंय. वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा कॅबच्या दिशेनं फिरतो. ट्रेलरची रुंदी १०२ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५१. किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) ट्रेलरच्या नाकापासून ३६ इंच मागे असेल, तर किंगपिनपासून कोपरा ५१ आणि ३६ च्या कर्णाइतका, म्हणजे सुमारे साडेबासष्ट इंच लांब. ट्रेलर सरळ असताना नाक ३६ इंचांवरच असतं, त्यामुळे मागे भरपूर जागा आहे असं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. फिफ्थ व्हीलच्या (किंगपिन जिच्यात अडकते त्या ट्रॅक्टरवरच्या तबकडीच्या) मध्यापासून रॅकपर्यंत साडेबासष्ट अधिक निदान सहा इंच मोकळे हवेत. ते सहा इंच अशासाठी, की यार्डाच्या उतारावर ट्रॅक्टर आणि ट्रेलर एकमेकांकडे वाकतात आणि ट्रेलरच्या हेडरबोर्डाचा (पुढच्या उभ्या फळीचा) वरचा भाग कॅबकडे झुकतो. शिवाय माप रॅकच्या पत्र्यापर्यंत घ्यायचं नाही. साखळीची वेटोळी, बाइंडरचा दांडा, ट्रेमधून फुगलेली टार्प, यांत जे सर्वांत बाहेर येतं तिथपर्यंत घ्यायचं. फिफ्थ व्हील सरकणारं असेल तर तू वापरशील त्या सर्वांत पुढच्या खाचेत ठेवून मोज. आणि हा रॅक सुटलेला माल अडवेल असं समजू नकोस. माल अडवायचं काम ट्रेलरवरच्या बांधणीचं.

टार्पसाठी रॅकवर उंच ट्रे मिळतात. मला ते पसंत नाहीत. शंभर पौंडांचं भिजलेलं गाठोडं खांद्याच्या वर ढकलताना पाय घसरला तर खाली फ्रेम आहे. व्हीलबेस लांब असेल तर कॅबमागे फ्रेमच्या पातळीवर सपाट प्लॅटफॉर्म करून घे आणि टार्प तिथं दोन स्ट्रॅपनी आवळ.

बाजूच्या पेट्यांसाठी १८ बाय १८ चं तोंड आणि ३६ किंवा ४८ इंच लांबी बहुतेकांना पुरते. २४ इंच खोल घेतली तर मागची वस्तू काढायला गुडघे टेकून आत शिरावं लागतं. साखळ्यांना स्टीलची पेटी, स्ट्रॅपला ॲल्युमिनियमची, असं माझं मत. ॲल्युमिनियमच्या पेटीत साखळ्या ठेवायच्याच असतील तर तळाला जुनं मडफ्लॅप कापून अंथर, नाहीतर हुक तळाचा पत्रा खातात. साखळी आणि स्ट्रॅप एका पेटीत कधीच नकोत. हादऱ्यानं साखळी पट्ट्याला घासते, कडेचा धागा तुटतो, आणि तपासणीत तो स्ट्रॅप बाद होतो. स्ट्रॅपची पेटी एक्झॉस्टजवळही नको. रीजन (एक्झॉस्ट फिल्टरमधली काजळी जाळायची क्रिया) चालू असताना तिथली उष्णता पॉलिस्टरला सोसत नाही. पेटीच्या तळाच्या कोपऱ्यांत पाणी जायला भोकं आहेत का ते बघ. नसतील तर पाडून घे, कारण स्ट्रॅप ओलेच आत जातात.

ट्रेलरखालची पेटी उजव्या बाजूला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या बाजूला लाव. एक तर उघडताना पाठ वाहतुकीकडे राहत नाही. दुसरं, विंच (स्ट्रॅप गुंडाळून आवळायचे रहाट) बहुतेक ड्रायव्हरच्या बाजूला असतात. त्यांच्याखाली पेटी आली की विंच बार (विंच फिरवायची पहार) खाली दाबायला जागाच उरत नाही. लँडिंग गिअरचा (सोडलेला ट्रेलर ज्यांवर उभा राहतो त्या पायांचा) हँडल पूर्ण फिरतो का आणि वळताना ट्रॅक्टरची मागची चाकं पेटीला लागतात का, हे भोकं पाडण्याआधी पाहून घे.

ट्रॅक्टरच्या फ्रेमला वेल्डिंग करू देऊ नकोस, आणि वरच्या-खालच्या आडव्या फ्लँजला (कडेला) भोक तर मुळीच नको. फ्रेमचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं. तिथून तडा जातो. ब्रॅकेट उभ्या वेबला (फ्रेमच्या मधल्या पत्र्याला) ग्रेड ८ च्या बोल्टनं बसवायचे, तेही ट्रक बनवणाऱ्यानं परवानगी दिलेल्या जागीच. स्टील आणि ॲल्युमिनियम जिथं भिडतात तिथं रबर किंवा नायलॉनची पट्टी घाल, नाहीतर हिवाळ्यातल्या मिठानं दोन-तीन मोसमांत सांधा पांढरा पडून पोखरतो. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपास. नवा ब्रॅकेट थोडा बसतोच.

फेडरल नियम ३९२.९ नुसार मालासोबत टार्प आणि इतर साधनंही पक्की बांधलेली असणं ही ड्रायव्हरची जबाबदारी आहे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत माल पुन्हा तपासायचा, नंतर दर १५० मैलांना किंवा तीन तासांनी, जे आधी येईल तेव्हा. त्याच फेरीत पेटीची कडी ओढून बघ आणि रॅकवरच्या प्रत्येक साखळीचा हुक अडकलेला आहे का तेही बघ.