यतीचा माग काढायला निघण्याआधी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. यतीच्या, म्हणजे त्या हिममानवाच्या शोधात नेपाळातल्या मकालू शिखराकडे निघालीस, त्याला मी नको म्हणणार नाही. तुझ्या वयात मीही याच खुळापायी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात गेलो होतो. फक्त यतीच्या आधी अस्वल शीक.

एकदा सकाळी सहाला तंबूबाहेर कोल्ह्याचा ठसा दिसला, जेमतेम दोन बोटांएवढा. ऊन चढलं तशा त्याच्या कडा वितळल्या आणि दुपारी तोच ठसा माझ्या तळहाताएवढा झाला. सकाळी पाहिला नसता, तर पुण्यात येऊन मी काय काय थापा मारल्या असत्या, देव जाणे! 2019 मध्ये आपल्या लष्कराने मकालू बेस कॅम्पजवळचे 32 बाय 15 इंचांचे ठसे यतीचे म्हणून जाहीर केले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की त्यांवर ऊन किती तास पडलं होतं?

त्यात अस्वल चालताना मागचा पंजा बऱ्याचदा पुढच्याच्या ठशावर टाकतं. दोन्ही मिळून एक लांबलचक, माणसासारखं पाऊल उमटतं. म्हणून एकाच ठशावर भाळू नकोस. सलग पन्नास पावलं मोज, आणि सावलीतली आधी, कारण ती उशिरा बिघडतात. फोटोत मापाला काहीतरी हवंच. 1951 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवरच्या तशाच एका ठशाशेजारी आइस-अ‍ॅक्स (बर्फातली कुऱ्हाड) ठेवली, म्हणून तर त्या फोटोवर आजही वाद घालता येतो. प्लास्टर मात्र नेऊ नकोस. घट्ट होताना ते तापतं आणि बर्फातला ठसाच खाऊन टाकतं.

शेर्पांकडे ‘यती’ हा शब्द तू आधी काढू नकोस, याकांची चौकशी कर. याक मारणाऱ्या यतीला ते ‘झुते’ म्हणतात, आणि ते वर्णन ऐकताना तुला तपकिरी अस्वल दिसायला लागेल.

खुंबूतल्या खुमजुंग गावच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, पेटीत ठेवलेली ‘यतीची टाळू’, म्हणजे डोक्यावरची कातडी, बघच. एव्हरेस्टवाल्या हिलरीने 1960 मध्ये ती गावातल्या खुंजो चुम्बींसह शिकागो, पॅरिस, लंडनला नेली. निष्कर्ष निघाला, सेरोचं, म्हणजे तिथल्या बोकडासारख्या रानटी जनावराचं कातडं. मी हे शहाणपण पेटी उघडणाऱ्या म्हाताऱ्याला ऐकवलं. तो काही बोलला नाही, हळूच झाकण लावलं. त्याची अजून लाज वाटते. तू नमस्कार कर, दक्षिणा ठेव, गप्प राहा.

केस किंवा विष्ठा सापडलीच, तर परवानगीशिवाय उचलू नकोस. परवानगी असेल तर कागदी पाकिटात ठेव. प्लास्टिकमध्ये ओल धरते. 2017 मध्ये शास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने डीएनएसाठी तपासले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा! मला त्या कुत्र्याचं फार कौतुक वाटतं.

पाकिटं माझ्याकडे पडून आहेत. रविवारी चहाला ये आणि घेऊन जा. येताना तुझे बूट आण, तळवे बघायचेत.

तुझा,
काका