टायरपासून काढलेले तेल डिझेल इंजिनात थेट वापरता येते का?

इंजिन चालू होईल, पण फार दिवस टिकणार नाही. हवेविना सुमारे 400 ते 600 अंश सेल्सिअसला टायर तापवून मिळणारे हे काळपट, उग्र वासाचे तेल उष्मांकात डिझेलच्या जवळपास असले, तरी रबर पक्के करताना घातलेले गंधक त्यात उतरते आणि बहुधा 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे 10,000 पीपीएम (दहा लाख भागांत 10,000 भाग) भरते. बीएस-6 या भारतातील वाहन-प्रदूषण मानकाच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा अवघी 10 पीपीएम आहे. शिवाय सीटेन अंक (इंधन किती सहज पेट घेते याचे माप) कमी असल्याने ते उशिरा पेट घेते, इंजिन खडखडते आणि नोझलवर काजळी धरते. ऊर्ध्वपातन करून, गंधक काढून ते डिझेलमध्ये थोडेसे मिसळल्यावर प्रयोगशाळेतील इंजिने चालली आहेत. शेतावरच्या पंपावर मात्र हा प्रयोग करू नये. बाजारात ते मुख्यतः बॉयलर आणि भट्ट्यांचे जळण म्हणूनच विकले जाते.