सात महिन्यांच्या बाळाला घेऊन पहिली सहल: सांगलीहून कुठं जावं, काय सांभाळावं?

प्रश्न: आम्ही सांगलीत राहतो. बाळ सात महिन्यांचं आहे, अंगावर पितं आणि दोन वेळा वरचं खातं. नोव्हेंबरअखेर दोन रात्री कुठंतरी निसर्गात जायचं म्हणतोय. महाबळेश्वर, कास, बामणोली, चांदोली अशी यादी काढली आहे. सासूबाई म्हणतात, थंडीत एवढ्या लहान बाळाला बाहेर काढू नका. काय करावं?

उत्तर:

ताई, जरूर जा. वय चांगलं आहे. मान धरलेली आहे, चौदाव्या आठवड्याची लस होऊन गेली आहे, आणि अजून दिसेल ते तोंडात घालत अंगणभर रांगायचे दिवस नीट सुरू झालेले नाहीत. सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण थंडीचा बंदोबस्त करता येतो. लांबलेला प्रवास आणि मोडलेली झोप यांचा करता येत नाही. पहिल्या सहली फसतात त्या बहुतेक यामुळेच. यादीतली चारही नावं दोन दिवसांत बसवलीत तर बाळाचा निम्मा दिवस गाडीतच जाईल. एकच ठिकाण धरा, दोन्ही रात्री तिथंच काढा.

यादीबद्दल आधी. कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. नोव्हेंबरअखेर तेरडा, गेंद, सीतेची आसवं सगळं संपून पठार वाळलेलं असतं आणि वर आडोसा नाही. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा. बामणोली आणि तापोळ्याची मजा बोटीत आहे, आणि एवढ्या बाळाला बोटीत नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथं मिळणारी लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची असतात, सात-आठ किलोचं बाळ त्यातून खाली सरकतं. बाळाला छातीशी बांधून वरून तुम्ही जॅकेट घातलंत तर पाण्यात ते तुमच्या आणि जॅकेटच्या मध्ये अडकतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावालाही हेच लागू. चांदोलीत जंगलातल्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास गाडी, फोनला रेंज नाही आणि मोठा दवाखाना लांब. मूल तीन-चार वर्षांचं झालं की तिथं खरी गंमत येईल.

माझी निवड वाई. सांगलीपासून साधारण दीडशे किलोमीटर. मुक्कामाला घाट चढावा लागत नाही, गावात मेडिकल आणि डॉक्टर आहेत, मेणवलीचा नदीकाठचा घाट आणि धोम धरण जवळच, आणि मन झालं तर पसरणी घाटानं पाचगणी बारा-तेरा किलोमीटर.

तरी आधी एक रंगीत तालीम करा. पंधरा दिवस अगोदर एखाद्या सकाळी मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर किंवा देवराष्ट्राजवळच्या सागरेश्वर अभयारण्यात चार तास घालवून या. सागरेश्वर हे माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे, हरणं सहज दिसतात. बाळ अंगावर बांधायच्या कॅरियरमध्ये किती वेळ शांत राहतं, गाडीत झोपतं का, उघड्यावर दूध पितं का, हे तिथंच कळेल. पिशवीत काय राहिलं तेही.

आता प्रवास. लोक हमखास सांगतात, पहाटे चारला निघा, बाळ झोपेत पोचतं. आपल्या भागात नोव्हेंबरमध्ये हे करू नका. गाळप हंगाम सुरू असतो. इस्लामपूर ते पेठ नाका या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या अंधारात चालतात, पुष्कळांना मागं दिवा नसतो आणि ऊस बाजूला हातभर बाहेर आलेला असतो. सातला, चांगलं उजाडल्यावर, बाळाला पाजून निघा. पहिला थांबा कराडला प्रीतिसंगमावर. बागेत सावली आहे, सतरंजी टाकून अर्धा तास बाळाला हातपाय हलवू द्या. दुसरा थांबा सातारच्या पुढं. एकूण पाच तास धरा.

गाडीत बाळ कार सीटमध्येच हवं, मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून. पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बाळ म्हणजे एअरबॅग उघडली की थेट त्याच्यावर. पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली असावा आणि चिमटीत पकडायला सैल राहू नये. जाड स्वेटर घालून पट्टा आवळू नका, आतला फुगीरपणा धडकेत दबतो आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टा, मग वरून शाल. सलग दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका. रडलं तर गाडी थांबवा, चालत्या गाडीत काढून पाजू नका.

घाटाचं भय पुष्कळांना असतं. पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास, एवढ्या उंचीवर प्राणवायूचा काहीच प्रश्न नाही. प्रश्न असतो कानात दडे बसण्याचा, आणि तो चढताना कमी, उतरताना जास्त. गिळलं की दडा सुटतो, म्हणून उतरताना चोखणी किंवा बाटली तोंडात राहू द्या. दोन्ही घेत नसेल तर एखाद्या रुंद जागी थांबून दोन मिनिटं पाजा. मात्र घाटाला लागायच्या आधी लगेच पोटभर दूध नको. अर्धा तास आधी पाजा, खांद्यावर घेऊन ढेकर काढा. नाहीतर तिसऱ्या वळणावर सगळं दूध बाहेर.

दिवस कसा आखायचा याचं गणित सोपं आहे. या वयाचं बाळ एका वेळी दोन ते तीन तास जागं राहतं, पुढं चिडतं. म्हणजे कुठलीही फेरी जाऊन-येऊन अडीच तासांत बसली पाहिजे. पाचगणीला वर जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, म्हणजे टेबललँडच्या पठारावर मिळतो तासभर. तो पुरतो. नऊच्या पुढं जा, त्याआधी वारा बोचतो. घोडे आणि टांगे फिरतात त्या बाजूची लाल धूळ टाळून कडेच्या शांत भागात बसा. कड्यापासून लांब, हे सांगायला नकोच. दुपार खोलीवर. संध्याकाळी मेणवलीला जा, पण घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. बाळ अंगावर असताना पाण्यापर्यंत उतरू नका, वरच्या दगडी ओट्यावर बसूनही नदी तेवढीच दिसते.

बाबागाडी घरी ठेवा, जांभ्याच्या खडबडीत कातळावर ती चालत नाही. कॅरियर घ्या, बाळाचं तोंड तुमच्याकडे. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असावेत, पाय नुसते लोंबकळू नयेत. हनुवटी छातीला टेकलेली नको, मध्ये तुमची दोन बोटं आडवी मावली पाहिजेत, नाहीतर श्वासाची वाट दबते. मान खाली घालून बाळाच्या टाळूचा मुका घेता आला तर उंची बरोबर. कॅरियर आणि तुमच्या अंगाची ऊब म्हणजे एक कपडाच झाला, तेव्हा आतला स्वेटर एक कमी करा. तासाभरानं बाहेर काढून पाठ मोकळी करा.

थंडीबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. थंड हवा जड. निरभ्र रात्री ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. महाबळेश्वरातही दवबिंदू गोठतात ते वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या सखल भागात, वरच्या बाजारपेठेत नव्हे. म्हणून नदीला किंवा धरणाच्या पाण्याला चिकटून असलेली खोली फोटोत छान दिसली तरी घेऊ नका. थोडी उंचावरची, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची, पूर्वेला खिडकी असलेली बघा. तंबू या खेपेला नको.

कपडे तुमच्यापेक्षा एक थर जास्त. थंडी वाजते का हे हातपाय चाचपून कळत नाही, बाळाचे हातपाय एरवीही गारच असतात. मानेच्या मागं दोन बोटं घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक. घाम लागला तर एक कपडा काढा, गार लागलं तर चढवा. झोपताना खोलीत टोपडं काढा, बाळ डोक्यातूनच जास्तीची उष्णता बाहेर टाकतं. हॉटेलची जाड रजई बाळावर नको, मऊ उशीही नको. पूर्ण बाह्यांचा आतला सदरा, वर लोकरी अंगरखा, पायमोजे, आणि पाठीवर निजवणं, बस्स. पलंगाची गादी फार मऊ असेल तर घरून आणलेली पातळ गोधडी खाली जमिनीवर घट्ट अंथरून बाळाला वेगळं निजवा.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा: खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. उबेसाठी नाही, बाळाला धुरी द्यायलाही नाही. दारं-खिडक्या बंद असल्या की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच घात होतो, आणि बाळ मोठ्यांच्या आधी बेशुद्ध पडतं. आजीला धुरी हवीच असेल तर ती सांगलीला परतल्यावर, खिडकी उघडी ठेवून.

खाण्याचं. स्तनपान चालू आहे हे तुमचं मोठं बळ. वरच्या खाण्यासाठी हॉटेलच्या स्वयंपाकघरात आदल्या रात्रीच सांगून ठेवा, की फोडणी, तिखट, मीठ घालायच्या आधीचं वाटीभर वरण आणि मऊ भात बाजूला काढा. कुणी नाही म्हणत नाही. सोबत पाणी उकळायची किटली, एक लिटरचा थर्मास, स्टीलची वाटी-चमचा, चार केळी, उकडायला दोन रताळी. पदार्थ घरी खाऊन पचलेलेच द्या. नवा पदार्थ सहलीत चाखवला आणि अंगावर पुरळ उठलं तर कशानं ते कळत नाही. त्यामुळे स्ट्रॉबेरीची पहिली चवही घरीच होऊ द्या.

मध मात्र अजिबात नाही. महाबळेश्वर भाग मधासाठीच नावाजलेला, मांघर तर मधाचं गाव, आणि दुकानदार प्रेमानं बाळाच्या जिभेवर बोट टेकवायला पुढं येतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम होऊ शकतो, त्यात स्नायू लुळे पडतात. मध उकळून हा धोका जात नाही. गरम चणे, मक्याचे दाणे, फुटाणे हेही बाळाच्या हाताला लागू देऊ नका, सरळ श्वासनलिकेत अडकतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या पॉइंटांवर माकडं असतात, तिथं बाळाच्या हातात बिस्कीट किंवा बाटली नको.

सर्दी झालीच तर कापराची पुरचुंडी गळ्यात बांधणं किंवा तिथं बाटलीत मिळणारं निलगिरीचं तेल छातीला चोळणं नको. दोन्हींनी लहान बाळाला झटके येऊ शकतात. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेत. डासांसाठी मच्छरदाणी, छत्रीसारखी उघडणारी.

औषधाच्या डबीत तापमापक, मिठाच्या पाण्याचे थेंब, ओआरएसची एक लिटरची दोन पुडकी (एक पुडकं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं) आणि पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलमध्ये चूक होते ती अशी: थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असतं, साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 120 किंवा 125, आणि जोरदार सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 250. सिरपच्या मापानं थेंब दिले तर चौपट डोस जातो. निघण्याआधी डॉक्टरांकडून बाळाच्या वजनाप्रमाणे डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि तो कागद त्याच बाटलीला रबरानं बांधा. जवळपास लस असेल तर ती आणि सहल यांत चार दिवसांचं अंतर ठेवा, म्हणजे लसीचा ताप वाटेत यायचा नाही. ताप उतरेना, दूध तोडलं, श्वास भराभर चालला किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर सातारचं जिल्हा रुग्णालय तासाभरावर आहे. रुग्णवाहिकेला 108.

डायपर तीन दिवसांना पंचवीस, सोबत दहा सुती लंगोट आणि घट्ट तोंडाच्या जाड पिशव्या. वापरलेले डायपर झुडपात टाकू नका, पुरूही नका, कुत्री उकरतात. परत आणा.

शेवटी गवताचं, कारण नोव्हेंबरात हेच जास्त छळतं. पावसाळ्यातलं गवत वाळून कुसळं सुटलेली असतात. त्यांचं टोक सुईसारखं आणि त्यावरचे ताठ केस मागं वळलेले, त्यामुळे लोकरीत शिरलं की आतच सरकत जातं. बाळ उगाच किरकिरतं, पोट दुखतं असं वाटून तुम्ही ग्राइपवॉटर शोधता, आणि मोज्यात कुसळ निघतं. सतरंजीवर बसवताना खाली जाड चादर घाला, बाहेर जाताना लोकरीवर सुती कापडाचा अंगरखा चढवा. खोलीवर आलात की कपडे उलटे करून आतल्या बाजूनं तळवा फिरवा, टोचेल तिथं चिमट्यानं काढा. कुंपणावर आणि झुडपांवर तपकिरी लव असलेल्या शेंगा लोंबताना दिसल्या तर ती खाजकुइली. कॅरियरमधल्या बाळाचे पाय नेमके त्या उंचीवर असतात, लांबूनच वळा. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी अलगद दाबून उचला, लव तिच्याबरोबर निघते. मग साबणपाण्यानं धुवा. तेच कपडे बाळाच्या बाकीच्या कपड्यांत मिसळू नका. वेगळ्या पिशवीत बांधा आणि घरी आल्यावर वेगळे धुवा.