चिकटवलेले ब्रेक लायनर तापल्यावर सुटतात का? मेकॅनिक म्हणतो, छोट्या टेम्पोला रिव्हेटवालेच घ्या.

नीट चिकटवलेलं लायनर तापून सुटत नाही. (लायनर म्हणजे ब्रेकच्या कमानीसारख्या लोखंडी शूवर बसवलेला थर. ब्रेक दाबला की तो चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतो.) मी रबाळे एमआयडीसीत हेच काम करतो, त्यामुळे बाजू घेतोय असं वाटलं तरी चालेल.

हा गोंद फिनॉलिक रेझिनचा असतो. भट्टीत एकदा पक्का झाला की पुन्हा वितळत नाही. फारच तापला तर करपतो. पण लायनरचा मालसुद्धा त्याच जातीच्या रेझिनने बांधलेला असतो आणि उष्णता तयार होते ती ड्रमला घासणाऱ्या बाजूला. म्हणजे करपायचंच तर आधी लायनरचं तोंड करपेल. (त्या मालात काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेली भुकटीही असते. कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की खूश होतो.)

मग सुटतात ते का? बहुतेक वेळा गोंद लावायच्या आधीच घोळ झालेला असतो. शू शॉट ब्लास्टिंग करून, म्हणजे त्यावर बारीक छर्रे जोरात मारून, खरखरीत करावा लागतो. त्यानंतर त्याला तेलकट हात लागला तरी पकड गेली. गोंद लावल्यावर त्यातलं सॉल्व्हंट पूर्ण उडू द्यावं लागतं, नाहीतर भट्टीत फुगे धरतात. मग पट्ट्याने आवळून साधारण १८० ते २०० अंशांवर भाजायचं. इथे खरी गोम आहे: मीटर दाखवतो भट्टीचं तापमान, जाड लोखंडी शू मात्र उशिरा तापतो. घाईत घाणा बाहेर काढला की सांधा कच्चा. तपासताना आम्ही लायनर प्रेसखाली आडवं ढकलून तोडतो. माल फाटला आणि शूवर त्याचा थर राहिला तर सांधा पास, नुसता चकचकीत धातू दिसला तर नापास.

रिव्हेटवाल्याचा फायदा आहेच. ट्रकचं जाड लायनर गॅरेजमध्येच बदलता येतं, भट्टी लागत नाही. पण झिजत झिजत रिव्हेटचं डोकं वर आलं की ड्रमला चरे पडतात, म्हणून बरीच जाडी शिल्लक असतानाच ते काढावं लागतं. चिकटवलेलं त्याहून खालपर्यंत वापरता येतं.

खाडीजवळ राहत असाल तर एक पाहा. लोखंडी शूला कडेने गंज चढला की तो लायनरखाली शिरून ते उचलतो. पावसाळ्यानंतर ड्रम उघडून कडा बघा. आणि सुटलेलं लायनर रबर सोल्युशनने परत चिकटवून देणारे भेटतील, त्यांच्याकडून करून घेऊ नका. नवा शू घ्या.