वाचकांचे प्रश्न : जुनी ऑफिस बिल्डिंग स्मार्ट करायची तर सुरुवात कुठून?

प्रश्न : नमस्कार सर, ठाण्यात आमची ऑफिसेसची बिल्डिंग आहे, १९९६ सालची, तळमजला आणि वर सहा मजले. सेंट्रल एसी आहे, दोन वॉटर कूल्ड चिलर (पाणी गार करणारी मशीन) आणि मजल्यागणिक एक एएचयू (त्या गार पाण्याने हवा थंड करून मजल्यावर फिरवणारं युनिट). लाइट बिलावरून दर एजीएमला वाद होतात. आता एका कंपनीने सेन्सर, डॅशबोर्ड, मोबाइल अ‍ॅप असं सगळं मिळून बीएमएसचं (बिल्डिंगची यंत्रणा एका जागेवरून चालवणारी सिस्टिम) कोटेशन दिलंय आणि ३० टक्के बचत होईल असं सांगतायत. कमिटीत दोन तट पडलेत. काय करावं?

उत्तर : सही करायची घाई नको, पण विषय सोडूनही देऊ नका, तुमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये बचतीला खरंच वाव असतो. फक्त ३० टक्के म्हणजे कशाचे ३० टक्के ते आधी लेखी घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा मेन मीटर तेवढा असतो, चिलर किती युनिट खातो, पंप किती, लिफ्ट किती हे कुणालाच सांगता येत नाही, मग बचत झाली की नाही हे उद्या ठरवणार कसं? म्हणून पहिला खर्च सब-मीटरचा करा आणि बीईईकडचा (ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था) सर्टिफाइड एनर्जी ऑडिटर बोलवा, जो काही विकायला आलेला नाही असा.

आता खरी गोष्ट पंप आणि पंख्यांची. एएचयूच्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावून स्पीड ८० टक्क्यांवर आणला तर वीज साधारण निम्मीच लागते, कारण पंख्याची पॉवर स्पीडच्या घनाच्या प्रमाणात बदलते, ०.८ चा घन ०.५१ येतो. चिल्ड वॉटर पंपालाही हे बऱ्याच अंशी लागू आहे, पण इथे एक गोम आहे. त्या काळातल्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये एएचयूच्या कॉइलवर थ्री-वे व्हॉल्व्ह असतात, म्हणजे मजल्याला गारवा नको असला तरी पाणी बायपासमधून फिरतच राहतं, फ्लो कमी होतच नाही. अशा लाइनवर नुसता व्हीएफडी बसवला तर पैसे गेले आणि बचत दिसत नाही. आधी टू-वे व्हॉल्व्ह (गरज नसेल तर पाणी अडवणारे) आणि लाइनवर डिफरन्शियल प्रेशर सेन्सर (दोन ठिकाणच्या दाबातला फरक मोजणारा), मग पंपाला व्हीएफडी, आणि चिलरला लागतो तेवढा किमान फ्लो सांभाळायचा. कोटेशनमध्ये व्हॉल्व्हचा उल्लेख आहे का बघा, नसेल तर त्यांनी प्लांट रूममध्ये नीट पाहिलेलंच नाही असं समजा.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचं २००९ मध्ये जाहीर झालेलं काम याच कारणासाठी मला फार आवडतं. त्यांनी आधी ६,५१४ खिडक्या जागेवरच दुरुस्त केल्या, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरमागे इन्सुलेशन घातलं, त्यामुळे एसीचा लोडच उतरला आणि मोठे नवे चिलर घ्यायच्या ऐवजी जुनेच सुधारून भागलं. कंट्रोल्स त्यात होतेच, पण लोड कमी करणं पहिलं. तुमच्याकडे पश्चिमेची काच असेल तर फिल्म, डक्टची गळती, चोंदलेले फिल्टर आणि राहिलेल्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी ही कामं ऑटोमेशनच्या आधीची.

हे झालं की बीएमएस खरा कामाला येतो. संध्याकाळी एका ऑफिसात दोघं थांबतात म्हणून अख्ख्या मजल्याचा एएचयू रात्रीपर्यंत चालतो, ते वेळापत्रकाने थांबतं, ज्याला थांबायचंय त्याने तासाभराची मुदत मागून घ्यायची. सेट पॉइंट, म्हणजे एसीला ठरवून दिलेलं तापमान, २४ डिग्री ठेवा, एक डिग्री वर गेलं की साधारण ६ टक्के वीज वाचते असा बीईईचा हिशोब आहे. आणि तुमचा प्लांट ऑपरेटर, जो कुठला पंप कसा आवाज करतो हे ओळखतो, त्याला पहिल्या मीटिंगपासून बसवा, ट्रेनिंग त्यालाच द्या. त्याला न विचारता बसवलेली सिस्टिम बघता बघता मॅन्युअलवर जाते आणि मग तिथेच राहते.

प्रश्न : कोल्हापुरात आमचं तीन मजली कमर्शियल कॉम्प्लेक्स आहे, प्रत्येकाचे आपापले स्प्लिट एसी. आम्हाला बीएमएस लागेल का?

उत्तर : नाही लागणार. कॉमन लाइटला टायमर, पाण्याच्या पंपाला लेव्हल कंट्रोलर, जिन्यात आणि टॉयलेटमध्ये सेन्सर, एवढ्यात भागतं. टॉयलेटमध्ये मात्र साधा पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर) लावताना जपा, त्याला पार्टिशनच्या आडचं दिसत नाही, माणूस आत बसलेला आणि लाइट बंद. तिथे अल्ट्रासॉनिक (ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी हालचाल टिपणारा) असलेला घ्या नाहीतर ऑफ होण्याची वेळ वाढवून ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे बीएमएस आहे, पण पासवर्ड फक्त बसवणाऱ्या कंपनीकडे आहे, किरकोळ बदलालाही ते पैसे मागतात. सुटका कशी?

उत्तर : हे फार जणांचं दुखणं आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो, बिल्डिंग तुमची तर चावी पण तुमचीच हवी. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रिन्यू करताना अ‍ॅडमिन पासवर्ड, प्रोग्रॅमचा बॅकअप आणि पॉइंट लिस्ट (सिस्टिमला काय काय जोडलंय त्याची यादी) सोसायटीच्या ताब्यात, ही अट टाका. पुढची खरेदी बॅकनेट किंवा मॉडबस (वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांना समजणाऱ्या खुल्या भाषा) बोलणाऱ्या कंट्रोलरचीच करा, म्हणजे दुसऱ्या कंपनीला काम देता येतं. आणि बाहेरून लॉगिन करायची सोय कायम उघडी ठेवू नका. अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या दुकानांच्या साखळीत सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत शिरले ते एका एसी-रेफ्रिजरेशन कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. बीएमएसचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवा, आणि फायर अलार्म पॅनल तर पूर्ण स्वतंत्र. बीएमएसने त्याचा सिग्नल फक्त वाचावा, पण आग लागली की एएचयू बंद होणं आणि अ‍ॅक्सेसचे दरवाजे उघडणं हे थेट वायरिंगनेच झालं पाहिजे, सर्व्हर बंद असला तरी. हे मॉक ड्रिलमध्ये सर्व्हर मुद्दाम बंद करून एकदा तपासून घ्या.