भाडं पत्त्याचं की छताच्या उंचीचं?

प्रश्न: आम्ही दोघं (वय ३३ आणि ३१) ठाण्यात घोडबंदर रोडला ३८,००० रुपये भाड्याच्या टू बीएचकेत राहतो. माझं ऑफिस लोअर परळला, रोज जावं लागतं. पत्नीचं बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल), आठवड्यातून तीन दिवस. दोघांचा मिळून हातात पगार २ लाख ४० हजार, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) ६०,००० ची, एफडीत ५ लाख. लोअर परळला १४ फूट उंचीचा, वर लाकडी मजला टाकून बेडरूम केलेला लॉफ्ट ९२,००० ला मिळतोय. डिपॉझिट ४ लाख, करार ३६ महिन्यांचा, लॉक-इन १२ महिने (तोवर घर सोडता येत नाही), दरवर्षी ५ टक्के वाढ. ब्रोकरच्या यादीत परळचा ५८,००० चा साधा वन बीएचकेही आहे (डिपॉझिट २ लाख), पण मन लॉफ्टवर बसलंय. घ्यावा का?

उत्तर:

आधी पहिल्या दिवसाचा खर्च. डिपॉझिट ४ लाख, पहिलं भाडं ९२,०००, ब्रोकरेज एका महिन्याचं आणि ब्रोकर जीएसटी लावत असेल तर १८ टक्के धरून १,०८,५६०. करारावरचं मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं वार्षिक १० टक्के व्याज यांच्या ०.२५ टक्के असतं. तुमच्या आकड्यांवर ते ९,००० च्या आसपास येतं, वर नोंदणी फी १,०००. बेरीज ६ लाख १० हजार, टेम्पोवाला वेगळा. तुमची एफडी ५ लाखांची, आणि ठाण्याचं दीड लाखाचं डिपॉझिट चावी परत दिल्यावरच मिळणार. म्हणजे घरात पाऊल टाकायलाच एफडी मोडून वर उसनवारी. इथेच थोडं थांबायला हवं.

आता दर महिन्याचं. भाड्यातला फरक ५४,०००. डिपॉझिटमध्ये जादा अडकणाऱ्या अडीच लाखांचं ७ टक्क्यांनी बुडणारं व्याज १,४६०. ब्रोकरेज ३६ महिन्यांवर पसरलं तर ३,०००, पण १२ महिन्यांतच घर सोडलं तर तेच ९,००० होतं. विजेचे जादा ३,३०० धरलेत, त्याचं कारण पुढे येतं. उलट बाजूला प्रवासाची बचत आहे. दोन पास, शेअर रिक्षा आणि उशीर झाला की घेतलेल्या कॅब मिळून आज १४,००० जात असतील तर तिथून ५,००० त भागेल, म्हणजे ९,००० वाचतील. हे सगळं मांडून लॉफ्ट तुम्हाला महिन्याला सुमारे ५३,००० ने महाग पडतो. ६०,००० ची एसआयपी ७,००० वर येते. हेच ५३,००० तीन वर्षं १० टक्क्यांनी वाढले असते तर २२ लाख झाले असते. उद्या स्वतःचं १ कोटी १० लाखांचं घर घेताना कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, पदरचे साडेसत्तावीस लाख लागतात. त्यातला मोठा वाटा म्हणजे हे २२ लाख. आणि हा हिशेब पहिल्या वर्षाच्या भाड्यावर आहे. तिसऱ्या वर्षी भाडं १,०१,४३० असेल.

पण प्रवासाचा वेळ फुकट नसतो, असं तुम्ही म्हणाल, आणि ते मान्य. तोही मोजू. तुमचे रोज २ तास वाचतील, महिन्याचे ४४. पत्नीचे बीकेसीच्या दिवशी दीड तास, म्हणजे साधारण २०. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. वरळी किंवा आचार्य अत्रे चौक स्थानकातून थेट बीकेसीला उतरता येतं, दादरच्या पुलावरची रेटारेटी नाही. एकूण ६४ तास. ५३,००० भागिले ६४, म्हणजे तासाला ८३० रुपये. तुमचा स्वतःचा हातात पडणारा पगार सुमारे १ लाख ५४ हजार असेल तर तो तासाला ८७५ पडतो. स्वतःचा वेळ जेवढ्याला विकता जवळजवळ तेवढ्यालाच परत विकत घेताय.

आता तोच भागाकार परळच्या वन बीएचकेला लावा. भाड्यातला फरक २०,०००, डिपॉझिटचं व्याज ३००, ब्रोकरेज १,९००, वजा प्रवासाचे ९,०००. महिन्याला १३,२०० जादा. तास तेच ६४, दर २०६ रुपये. वेळ वाचवतो तो पत्ता, छत नाही. म्हणून लॉफ्टचा खरा भाव ९२,००० नाही. पत्ता मिळाल्यानंतर निव्वळ उंचीसाठी आणि त्या लाकडी मजल्यासाठी दरमहा मोजायचे ४०,००० हा आहे. तेवढा आनंद त्यातून मिळणार असेल तर जरूर घ्या, हौसेला मोल नसतं. पण एसआयपी मोडून हौस करणं मला पटत नाही.

त्या उंचीबरोबर काय येतं तेही पाहा. ३५० चौरस फुटांच्या हॉलमध्ये साडेनऊऐवजी १४ फूट छत म्हणजे थंड करायची हवा जवळजवळ दीडपट. दीड टनाचा एसी दमतो, दोन टनांचा लागतो. गरम हवा वर चढते आणि वर तुमची बेडरूम आहे. खाली कुडकुडायचं आणि वर घामाघूम व्हायचं, असं मे महिन्यात हमखास होतं. एक एसी खाली असेल तर वर दुसरा आहे का, विचारा. वरच्या मजल्याला भिंत नसेल तर फोडणीचा वास आणि खालच्या मीटिंगचा आवाज थेट उशीपर्यंत पोचतो. बारा फुटी पडदे तयार मिळत नाहीत, शिवून घ्यावे लागतात. खिडकी पश्चिमेला असेल तर त्याशिवाय गत्यंतर नाही. वरच्या मजल्यावर उभं राहून डोकं किती इंच सुटतं, ते टेपने मोजा. आईवडील राहायला येणार असतील तर रात्री तो जिना उतरून बाथरूमला जाणं त्यांना जमेल का, तेही बघा.

कायद्याची बाजू जास्त महत्त्वाची. ब्रोकर ज्याला लॉफ्ट म्हणतो तो अनेकदा मालकाने नंतर टाकलेला पोटमाळा असतो. मंजूर नकाशात तो दाखवलाय का, हे भोगवटा प्रमाणपत्राबरोबर (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) मागून पाहा. नसेल तर महापालिकेची नोटीस येऊ शकते आणि बेडरूम तुमच्या डोक्यावरून काढली जाऊ शकते. जागा औद्योगिक इस्टेटमधला गाळा असेल तर विषयच संपला. तिथे राहण्याची परवानगी नसते आणि तो पत्ता कुठल्याही कागदावर चालवताना त्रास होतो. परळच्या वन बीएचकेबाबत उलटी तपासणी: इमारत जुनी असेल तर घर पागडीचं (एकरकमी पैसे देऊन घेतलेली, नाममात्र भाड्याची जुनी भाडेकरू जागा) नाही ना, हे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून बघा. पागडीचा भाडेकरू मालकाच्या संमतीशिवाय पुढे भाड्याने देऊ शकत नाही.

करात दिलासा मिळेल अशी आशा असेल तर ती सोडा. घरभाडे भत्त्यावरच्या सवलतीची मर्यादा ठाण्यात मूळ पगाराच्या ४० टक्के आणि मुंबईत ५० टक्के, हे खरं. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. समजा तुमचा वार्षिक पगार २२ लाख, मूळ पगार महिना ७५,०००, भत्ता ३७,५०० आणि ९२,००० पैकी ६०,००० भाडं तुम्ही भरता. साडेचार लाखांचा पूर्ण भत्ता आणि पीएफ, विमा यांसारख्या बचतीवरचे (८०सी) दीड लाख वजा करूनही जुन्या प्रणालीत कर २,८८,६०० येतो, नव्या प्रणालीत २,४०,५००. एवढं भाडं भरूनही नवीच स्वस्त.

उलट एक जबाबदारी वाढते. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरूने टीडीएस (भाड्यातूनच कापून सरकारकडे भरायचा मालकाचा कर) कापायचा असतो. ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के आहे, वर्षाचे २२,०८०. मार्चमध्ये किंवा घर सोडताना एकदाच कापायचे, टॅन (कर कापणाऱ्याला मिळणारा क्रमांक) लागत नाही. (वन बीएचकेलाही हे लागू, आकडा लहान.) मालक अनिवासी भारतीय असेल तर मात्र दर साधारण ३१.२ टक्के, दर महिन्याला, आणि टॅन काढावा लागतो. तो कापला नाही तर वसुली तुमच्याकडून होते. म्हणून मालक कुठे राहतो हा प्रश्न टोकन देण्याआधी विचारा.

कोणतंही घर घेतलंत तरी करारात तीन गोष्टी बदलून घ्या. लॉक-इन सहा महिन्यांचं आणि दोघांनाही बंधनकारक. डिपॉझिट चावी देताना त्याच दिवशी परत. रंगकामाची वजावट असेल तर तिची रक्कम आत्ताच लिहिलेली. करार नोंदणीकृतच हवा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, तरी खर्च बहुधा भाडेकरूच्या गळ्यात पडतो, तेव्हा निम्मा मागायला लाजू नका. आणि ऑनलाइन नोंदणीचा माणूस मशीन घेऊन घरी आला की अंगठा देण्याआधी मसुद्यातला वाढीचा टक्का आणि महिने पुन्हा वाचा. तोंडी ठरलेले ५ तिथे १० झालेले असतात, आणि नंतर बदलायचं म्हटलं तर पुन्हा नवा दस्त करावा लागतो.