टमी टक दहा दिवसांच्या रजेत उरकत नाही

दोन सिझर झाली, धाकटा दोन वर्षांचा आहे, वजन उतरलं तरी पोट लोंबतंच, आणि ऑफिसातून दहा दिवसांची रजा मिळतेय, तर टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी काढून स्नायू घट्ट करायचं ऑपरेशन, करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझं होऊन साडेतीन वर्षं झाली. केल्याचा पस्तावा नाही, पण दहा दिवसांचा हिशेब डोक्यातून काढून टाका.

त्याआधी पोट कशामुळे पुढे येतंय ते बघा. उताणं झोपून गुडघे दुमडा, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेवा आणि फक्त डोकं उचला. मधोमध बोटं आत रुतली किंवा उभा उंचवटा आला, तर गरोदरपणात स्नायूंच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून लांब गेल्या असण्याची शक्यता आहे. कातडी मुठीत धरता येत असेल तर ती जादा आहे. या दोन्हींवर इलाज होतो. पण उताणं झोपूनही पोट घुमटासारखं वरच राहत असेल तर चरबी आत, आतड्यांभोवती आहे. तिला सर्जन हात लावत नाही, ती वजन कमी करूनच जाते.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, साधारण दोन ते चार तास. ओटीपोटावर कंबरेच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद, स्नायू टाके घालून जवळ आणायचे, कातडी खाली ओढून जादाची कापायची आणि बेंबीसाठी नवीन भोक पाडायचं. सिझरचा व्रण बहुतेकदा कापलेल्या कातडीबरोबर जातो, पण त्याच्या बदल्यात कितीतरी लांब व्रण मिळतो. तो फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. बेंबीच्या वरच्या भागातले स्ट्रेच मार्क्स जात नाहीत, नुसते खाली सरकतात.

आता घरी आल्यानंतरचं. आत साठणारं पाणी काढायला माझ्या पोटातून दोन नळ्या बाहेर होत्या, टोकाला रबरी फुगे, गाऊनला सेफ्टी पिनने अडकवलेले. सकाळ-संध्याकाळ फुगा मापात रिकामा करून आकडा वहीत लिहायचा. चोवीस तासांत 30 मिलीच्या खाली आला तेव्हा नवव्या दिवशी नळ्या निघाल्या. तोवर कमरेत वाकूनच चालत होते, झोपणं पाठीखाली उशा आणि गुडघ्यांखाली लोड घेऊन. खोकला आला की आधी उशी पोटाशी घट्ट धरायची, हे मी पहिल्याच रात्री शिकले. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथायची सोय नसते, त्याचं औषध आधीच मागून घ्या.

सगळ्यात जड गेलं ते मूल. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, आणि माझी धाकटी खुर्चीशी येऊन दोन्ही हात वर करून उभी राहायची. पोटाला आवळून बांधायचा पट्टाही तितकेच दिवस, जवळजवळ चोवीस तास. बैठ्या कामावर मी तीन आठवड्यांनी गेले, तेही संध्याकाळी पोट टम्म सुजलेलं. सूज पूर्ण उतरायला महिने लागतात. बेंबीखाली मला अजून एक पट्टा बधिर आहे.

घरात कोणी तंबाखू किंवा सिगारेट ओढत असेल किंवा तुम्ही ओढत असाल तर सर्जनपासून लपवू नका. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जखमेची कड काळी पडू शकते, म्हणून किमान चार आठवडे आधी आणि नंतरही बंद. गर्भनिरोधक गोळ्या, अॅस्पिरिन, अगदी काढे-चूर्णंसुद्धा सांगा. पायातल्या शिरेत गुठळी होणं हा यातला खरा धोका, म्हणून पहिल्याच दिवशी धरून धरून चालवतात. एकाच पोटरीला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघू नका.

मी आधी ज्या डॉक्टरांकडे गेले होते त्यांनी पोटाला हातही न लावता ऑपरेशनची तारीख दिली होती. तिथून उठले ते बरं झालं. प्लास्टिक सर्जनच आहेत ना, भूलतज्ज्ञ कोण, आणि नळी काढल्यावर पाणी साठलं तर काय करणार, एवढं विचाराच.

तिसऱ्या मुलाचा विचार मनात कुठेतरी असेल तर आत्ता थांबा, गरोदरपणात घट्ट केलेलं पुन्हा सैल पडू शकतं. नसेल, तरी धाकटा स्वतःहून पलंगावर चढू-उतरू लागेपर्यंत थांबलात तर सोपं जाईल. तोवर रजाही साठेल.